केसपेपरवर नसलेली माणसं

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की हत्तूर, वडकबाळ मागे टाकून पंचवीस-तीस किलोमीटरवर मंद्रूप येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे मोठं गाव. पुढे भीमा, आणि भीमेपलीकडे कर्नाटक. अनेक घरांत बोलणं कन्नड, व्यवहार मराठी. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, भोवतालच्या गावांत उपकेंद्रं आहेत, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की सगळ्यांचा रस्ता एकच, सोलापूरचं सिव्हिल. अशा भागातला पेशंट एकटा क्वचितच येतो. म्हाताऱ्या आईला गाडीवर मागे बसवून मुलगा येतो, सुनेच्या पिशवीत जुन्या गोळ्यांची पाकिटं असतात, आजीचं कन्नडमधलं दुखणं मराठीत सांगायला नात पुढे होते. केसपेपर मात्र एकाच नावाचा निघतो. जी माणसं गोळी हातावर ठेवणार, पथ्य सांभाळणार, मजुरी बुडवून पुन्हा घेऊन येणार, त्यांची नोंद कुठेच होत नाही.

रुग्ण आणि त्याच्या घरच्यांना प्राथमिक आरोग्यसेवेच्या टीममध्ये बरोबरीचं स्थान द्यावं, या मागणीला अर्धशतक होत आलं. जाहीरनामे, सरकारी मार्गदर्शक सूचना, लहान-मोठे प्रयोग आणि त्यांचे निकाल असं पुष्कळ साहित्य एवढ्या काळात जमा झालं आहे. मंद्रूपसारखं गाव नजरेसमोर ठेवून ते चाळलं की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. आपल्याकडे घरच्यांकडून काम भरपूर करून घेतलं जातं, त्यांचं मत घेतलं जात नाही. आणि फरक पडला तो बहुतेक करून मत घेतलं गेलं तिथे.

या विषयाची सुरुवात सांगताना १९७८ सालच्या अल्मा-अता परिषदेचा दाखला देण्याची पद्धत आहे. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, हे तिथे जगातल्या सरकारांनी मान्य केलं. पण त्याच्या आठ वर्षं आधी, १९७० मध्ये, करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं होतं. मराठी वाचकाने हा विषय जामखेडपासून समजून घ्यावा, असं मला वाटतं.

आरोळे दांपत्य गावात गेलं तेव्हा लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती. दुष्काळाचे दिवस होते, पाणी हवं होतं. त्यामुळे बोअर, शेतकरी मंडळं, मग महिला मंडळं असं काम वाढत गेलं आणि आरोग्य त्याच्या आत आलं. बोअर कुठे घ्यायची हा प्रश्नसुद्धा त्यांनी आरोग्याचाच मानला. दलित वस्तीत बोअर घेतली गेली आणि सवर्ण घरांना पाण्यासाठी तिथे यावं लागलं. गावाने स्वतः निवडलेल्या बायका आरोग्य सेविका झाल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, गावात काय घडलं ते सांगत, नवं शिकत आणि परत जात. या बैठकीत डॉक्टर शिकवत होते तसे ऐकतही होते. कुठल्या घरात सासू बाळंतिणीला पोटभर खाऊ देत नाही, कुठल्या वस्तीतली माणसं दवाखान्याला बुजतात, ही माहिती दुसऱ्या कुणाकडून मिळणारच नव्हती. १९७१ च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. आपल्याच राज्याच्या सरकारी यंत्रणेने त्यातली आरोग्य सेविका उचलली. तिचं म्हणणं ऐकून घेणारी आठवड्याची बैठक तेवढ्या आस्थेने उचलली नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८६ पासून जे केलं त्याचीही जात हीच. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची धास्ती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. म्हणून शोधग्राममधलं रुग्णालय आदिवासी गावासारखं बांधलं गेलं, घरच्यांना सोबत राहता येईल अशा झोपड्यांचं, आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. याच ठिकाणी एक साधं उपकरण घडलं. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे ठरवायला श्वास मोजावे लागतात, पण मोजणाऱ्या दाईला साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग मण्यांची पाटी केली. शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. जिला अडाणी म्हणून बाजूला ठेवलं असतं तिच्या हातात निदान आलं, आणि बाळाची आई ते निदान शेजारी बसून डोळ्यांनी पाहू लागली. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या त्यांच्या पद्धतीचे निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ मध्ये ही पद्धत गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू झाली.

सरकारी बाजूने मोठा टप्पा २००५ चा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने आशा आणली, रुग्ण कल्याण समिती आणली, आणि गावपातळीवर ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. या गावसमितीला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी ठेवला गेला. २००७ पासून महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत, म्हणजे पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत, लोकाधारित देखरेख व नियोजन सुरू झालं. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने ते राज्यपातळीवर पुढे नेलं. गावकरी दवाखान्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत. पुढे जनसुनवाई होई आणि उपकेंद्र बंद का असतं, बाहेरची औषधं का लिहून देता, इंजेक्शनचे पैसे का घेता, असे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर उघड विचारले जात. काही ठिकाणी कारभार सुधारला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं हे अभिमानाचं पान आहे. मात्र जनसुनवाईत पेशंट तक्रारदार म्हणून उभा राहतो आणि डॉक्टर उत्तर देणारा म्हणून. बंद दार उघडायला त्याची गरज होतीच. दार उघडल्यावर आतल्या टेबलाशी दोघांनी एकत्र बसून आजीचं बीपी कसं आवरायचं ते ठरवणं, हे काम वेगळं आहे आणि ते अजून व्हायचं आहे.

त्या टेबलाशी बसणारी टीम आता कागदावर तरी तयार आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळालं. मैदानी भागात साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी (आपल्या राज्यात बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर), आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि गावोगावच्या आशा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी-शुगर तपासायचं, कर्करोगाची लक्षणं पाहायची, औषध चालू ठेवायचं. सोबत जन आरोग्य समितीही आहे. मात्र या समित्यांमध्ये पदाधिकारी आणि कर्मचारी यांचं वजन असतं. दर महिन्याला रांगेत उभं राहून गोळ्या नेणाऱ्यांचा त्यात ठरलेला वाटा नाही. ब्राझीलने १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांतल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक सरकारी करारातल्या फॅमिली डॉक्टरला रुग्णांचा सहभाग गट चालवावाच लागतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ मध्ये रुग्णालयांना रुग्ण-कुटुंब सल्लागार मंडळ कायद्याने बंधनकारक केलं. अलास्कातल्या मूळ रहिवाशांची नुका व्यवस्था तर पेशंटला दवाखान्याचा मालकच मानते, कारण तिथला कारभार त्यांच्याच संस्थेच्या हाती आहे. आपल्याकडे जागा ठेवण्याची ही तरतूद सर्वांत स्वस्तात होण्यासारखी आहे. त्याला इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही.

पण जागा दिली की तब्येत सुधारते का? इथे संशोधन काय सांगतं ते नीट पाहायला हवं, कारण उत्साहाच्या भरात या विषयावर फार सैल लिहिलं जातं.

कोलंबिया आणि मलेशियातल्या ३० समुदायांत १,३७१ जणांवर झालेला ‘होप-४’ हा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या पेशंटकडे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कार्यकर्ते जात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं फुकट मिळत, आणि प्रत्येक पेशंट आपल्या घरातला किंवा मैत्रीतला एक माणूस उपचार-सोबती म्हणून निवडे. वर्षभरात त्यांचा वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारापेक्षा सुमारे ११ अंकांनी जास्त उतरला. हा फरक फार मोठा आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरभेटी देऊन केलेल्या अशाच प्रयोगात (२०२०) जास्तीची घट पाचेक अंकांची होती. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ने बायकांच्या गटांच्या बैठका घेतल्या, आपल्या गावात बाळं का दगावतात आणि आपण काय करू शकतो हे बायकांनीच ठरवलं. तिथे नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१० मध्ये दिसून आलं.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ४८ वस्त्यांपैकी निम्म्यांत तशाच बैठका घेऊन पाहिल्या, तर नवजात मृत्यू कमी झाले नाहीत. आणि आपल्याला सर्वांत जास्त शिकवणारा निकाल भारतातल्याच ‘अटेंड’ या प्रयोगाचा आहे. १४ रुग्णालयांतल्या पक्षाघाताच्या १,२५० पेशंटपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायला शिकवलं आणि घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा दोन्ही गटांत ४७ टक्के पेशंट दगावलेले किंवा परावलंबी होते. शिकवलेल्या कुटुंबांच्या पेशंटची अवस्था कणभरही बरी नव्हती.

‘होप-४’ आणि ‘अटेंड’ शेजारी शेजारी ठेवून मी वाचतो तेव्हा मला फरक असा दिसतो. एका ठिकाणी घरचा माणूस कार्यकर्ता, डॉक्टर आणि फुकट औषध यांच्या जोडीला आला. दुसऱ्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टचं कसबी काम घरच्यांच्या अंगावर गेलं. माणसं कमी आहेत म्हणून घरच्यांना कामाला लावणं, याला भागीदारी म्हणता येत नाही. दक्षिण सोलापुरात लकवा झालेल्या शेतकऱ्याची बायको आधीच शेत, गुरं आणि स्वयंपाक ओढत असते. तिला आणखी एक ड्युटी लावून सरकारने आपला खर्च वाचवू नये.

खुद्द महाराष्ट्रात उच्च रक्तदाबाचं एक सरकारी काम या कसोटीला बरंचसं उतरतं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीला आपल्या राज्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत आला. ठरलेली साधी औषधयोजना, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, पेशंटच्या हातात त्याचं स्वतःचं कार्ड, आणि जो तारखेला आला नाही त्याचा शोध. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तीस दिवसांच्या गोळ्या म्हणजे वरवर किरकोळ बाब. पण पाच-सात दिवसांच्या गोळ्या घ्यायला मंद्रूपला यायचं म्हणजे प्रत्येक खेपेला एक हजेरी बुडते, एसटीचं भाडं जातं, कुणाला तरी सोबत यावं लागतं. पेशंटला कुणी कधी विचारलं असतं तर ही मागणी पहिल्याच दिवशी पुढे आली असती.

विचारण्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ हीच खरी अडचण आहे. ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यात भारतातली तपासणी साधारण दोन मिनिटांची निघाली, स्वीडनची बावीसच्या पुढे. दोन मिनिटांत डॉक्टर फार तर ‘मीठ कमी करा’ एवढंच म्हणू शकतो. ते आजोबा ऐकतात. आमटीत मीठ टाकणारी सून तेव्हा दाराबाहेर बाकावर असते. ताटात शेंगाची चटणी, लोणचं, पापड रोजच्यासारखेच येतात. त्यातून पुढच्या महिन्यात पुरवठादार बदलला, गोळीचं पाकीट वेगळ्या रंगाचं आलं, की ही बीपीची नव्हेच असं समजून गोळी डब्यातच राहते. बीपी नॉर्मल आलं म्हणजे आजार गेला असं समजून कुणी औषध थांबवतं. पंढरीच्या वारीला निघालेला मधुमेही गोळ्या घरी विसरतो, कारण जाण्याआधी त्याला कुणी विचारलेलंच नसतं. यातलं काहीही सोडवायला तज्ज्ञ डॉक्टर लागत नाही. सांगितलेलं पेशंटने किंवा सोबतच्या माणसाने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, एवढी एक सवय लागली तरी बऱ्याच चुका तिथेच पकडल्या जातील. मंद्रूप भागात ते परत सांगणं कन्नडमध्येही चालायला हवं. इथल्या अनेक आशांना दोन्ही भाषा येतात. डॉक्टरांची दोन मिनिटं वाढणार नसतील, तर आशा आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांची दहा मिनिटं या कामासाठी मोकळी करावी लागतील, म्हणजेच त्यांच्यामागचं नोंदवह्यांचं आणि ॲपमधल्या माहिती भरण्याचं ओझं उतरवावं लागेल.

आशांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. आशा गावचीच, बहुधा गावची सून. टीम आणि कुटुंब यांच्यामध्ये आज खरा दुवा कुणी असेल तर तीच. तरी तिला कर्मचारी मानलं जात नाही, पगाराऐवजी मानधन आणि कामावरचा मोबदला मिळतो, आणि त्यासाठी २०२१ आणि २०२३ मध्ये आशांना संपावर जावं लागलं. २०२० च्या सप्टेंबरात, कोविडच्या काळात, ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकांतही त्या होत्या. जिला स्वतःलाच टीममध्ये पूर्ण जागा नाही तिने पेशंटला टीममध्ये आणावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कुटुंबाच्या सहभागाचं धोरण आखणाऱ्यांनी आशांच्या मानधनाचा आणि दर्जाचा प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नये.

कुटुंब म्हटलं की सगळं मायेचं असतं असंही नाही. नव्या सुनेची पाळी चुकली, तिला गर्भनिरोधक हवं आहे, कुणाला क्षय निघाला, कुणाला एचआयव्ही, कुणाला नैराश्य. अशा वेळी सोबत आलेला माणूसच अडसर ठरू शकतो. सासूने उत्तरं द्यायची आणि सुनेने मान खाली घालायची, याला सहभाग समजण्याची चूक सहज होते. म्हणून घरचं कोण सोबत हवं हे पेशंटनेच ठरवावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे, आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. हीच रीत बीपी-शुगरच्या केसपेपरलाही लावावी. एक ओळ पुरे: तुमच्या उपचारात तुम्हाला कोण सोबत हवं? उत्तर ‘कुणी नको’ असं आलं तरी ते तसंच लिहावं, आणि त्या बाईशी दार लोटून एकटीशी बोलावं.

मंद्रूप आणि भोवतालच्या गावांत हे उद्या सुरू करायचं तर नवी योजना लागणार नाही. केसपेपरवर सोबतीच्या नावाची ओळ, बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि त्याच्या हातात कार्ड, महिन्यातून एकदा उपकेंद्रात टीमची अशी बैठक की जिथे तीन-चार पेशंट आणि त्यांच्या घरचे बसतील आणि आधी ते बोलतील. आणि समितीत निम्म्या जागा नियमित उपचार घेणाऱ्यांना, त्यांतल्या निम्म्या बायकांना. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत बसतं. शेवटच्यासाठी शासनाला निर्णय काढावा लागेल, आणि तोवर गावाला आपल्या समितीवर कुणाला पाठवायचं हे ग्रामसभेत मांडता येईल.

ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास भरते. घरात बीपीचा, शुगरचा किंवा क्षयाचा पेशंट असेल तर पुढच्या सभेला जा. आपल्या गावच्या आरोग्य समितीवर कोण कोण आहे, ती शेवटची कधी बसली आणि दहा हजार कशावर खर्च झाले, हे विचारा. आणि तुमचं नाव त्या समितीसाठी पुढे करा.